गुदद्वाराच्या कॅन्सरमधून जाताना: माझा अनुभव

संडासच्या जागेचं दुखणं आपल्याकडे बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत. म्हणून मी हे उघड लिहिते आहे. पन्नाशी ओलांडल्यावर मला गुदद्वाराचा कॅन्सर झाला. उपचार होऊन काही वर्षं झाली आणि मी ठणठणीत आहे.

रक्त जायचं, बसताना खुपायचं. गावातल्या दवाखान्यात मूळव्याध ठरली. मग मलम, इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणं, सगळं झालं. मूळव्याध कमीजास्त होते, माझं दुखणं मात्र वाढतच चाललं. शेवटी साताऱ्याच्या एका सर्जनबाईंनी बोट घालून तपासलं. दोन मिनिटांचं काम, पण तोवर ते कुणीच केलं नव्हतं. "ताई, गाठ कडक लागतेय. भूल देऊन तपासायला तुकडा काढू या," एवढंच त्या म्हणाल्या.

रिपोर्ट आला स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा, म्हणजे कातडीसारख्या अस्तराच्या पेशींतल्या कॅन्सरचा. आम्ही परळला टाटा हॉस्पिटल गाठलं. एमआरआय झाला, कॅन्सर अंगात आणखी कुठे पसरलाय का ते दाखवणारा पेट स्कॅन झाला, जांघेतल्या गाठी चाचपून पाहिल्या. हा कॅन्सर बहुतेकांना एचपीव्ही या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो हे ऐकून यजमानांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी त्यांना तिथेच बसवून समजावलं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचाही हाच विषाणू. तो कितीतरी लोकांच्या अंगात येतो आणि जातो. एखाद्याच्या अंगात तो वर्षानुवर्षं राहतो आणि फार उशिरा त्रास देतो. यात कुणाच्या वागण्याचा हिशेब मांडायचा नसतो. त्या पाच मिनिटांसाठी मी त्या डॉक्टरांची कायमची ऋणी आहे.

प्रकार कोणता, यावर सगळं ठरतं. लातूरकडच्या एका मावशींची गाठही त्याच जागी होती, पण ती अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींतला कॅन्सर निघाली. तिच्यावर गुदाशयाच्या कॅन्सरसारखे उपचार होतात: आधी रेडिएशन-केमो, मग ऑपरेशन. मावशींचं गुदद्वार काढून टाकलं आणि मळ गोळा करायला पोटावर कायमची पिशवी बसवली. तिसरा प्रकार मेलानोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो क्वचित होतो, पण फार वाईट. त्यात पाच वर्षं पार करणारे थोडेच.

माझ्या प्रकारालाही पूर्वी पिशवीच लागायची. १९७४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या नॉर्मन नायग्रो या सर्जननी ऑपरेशनच्या आधी रेडिएशन आणि दोन औषधं देऊन पाहिली. नंतर ऑपरेशन केलेल्या रुग्णांत गाठीचा मागमूस सापडला नाही. त्यातूनच पुढे ऑपरेशनऐवजी आधी हाच उपचार करायची पद्धत पडली; गाठ उरली किंवा परत आली तरच कापतात. गाठ जागच्या जागी असेल तर शंभरातले ऐंशीच्या आसपास लोक पाच वर्षं पार करतात. लांब पसरली असेल तर साधारण एक तृतीयांश.

मला मायटोमायसिनचं इंजेक्शन, केमोच्या गोळ्या आणि आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन असं साडेपाच आठवडे चाललं. पहिले दोन आठवडे सोसवले. तिसऱ्यात जांघेतली कातडी काळवंडली, मग सोलवटली. लघवीला बसलं की आग व्हायची. एका नर्सताईंनी युक्ती सांगितली: लघवी करतानाच मगाने कोमट पाणी ओतत राहायचं. त्या मगाने मला वाचवलं. जुन्या सुती परकराखेरीज अंगाला काही सोसत नव्हतं. जेवणात मऊ भात आणि ताक. रक्तातल्या पेशींचा काउंट घसरला तेव्हा रेडिएशन थांबतं की काय या धास्तीने झोप उडाली होती, कारण मध्ये खंड पडू देऊ नका असं डॉक्टर पहिल्याच दिवशी बजावून गेले होते. योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर, म्हणजे आत घालायची गुळगुळीत नळी, वापरायचा असतो. हे आपणहून विचारा. सगळीकडे सांगतीलच असं नाही.

खरी परीक्षा उपचार संपल्यावर झाली. अडीच महिन्यांनी तपासलं तर थोडा कडकपणा उरलेला. घरचे सगळे म्हणू लागले, काढून टाका एकदाचं. डॉक्टर म्हणाले, थांबायचं. रेडिएशनचं काम संपल्यावरही पुढे चालू राहतं. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात, उपचार सुरू झाल्यापासून अकरा आठवड्यांना ज्यांची गाठ पूर्ण गेली नव्हती, त्यांतल्या दहापैकी सात जणांची सव्वीस आठवड्यांपर्यंत गेली होती. गाठ वाढताना दिसली तरच तुकडा काढून तपासायचा आणि ऑपरेशन करायचं. तोवर थांबायचं. ते थांबणं केमोपेक्षा जड गेलं. अंघोळ करताना हात तिथे जायचा आणि मी तो मागे घ्यायची. सहा महिन्यांनी तपासताना डॉक्टर म्हणाले, "काही लागत नाही." एमआरआयही स्वच्छ आला.

आता शौचाची घाई झाली की थांबवता येत नाही, म्हणून एसटीने लांब जायचं तर सकाळी फार खात नाही. पहिली दोन वर्षं तपासण्या जवळजवळ होत्या, आता लांबल्या आहेत. मावशींचा फोन येतो. पिशवी लावून त्या शेतात जातात. माझ्या भाचीला एचपीव्हीची लस दिली, आणि ही लस मुलग्यांनाही देतात हे कळल्यावर भाच्यालाही.