ठाणे–हरिहरेश्वर–ताम्हिणी: मोटारसायकलची पावसाळी फेरी आणि चेनसेटची तयारी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू, दोन्ही दुचाकींना बंद असल्यामुळे ठाण्याहून कोकणात उतरायचे तर विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रस्ता धरावा लागतो आणि तुर्भे, कळंबोली, पनवेल करत पळस्पे फाटा गाठावा लागतो. आमचा मार्ग पुढे पेण, वडखळ, माणगाव आणि म्हसळ्यावरून हरिहरेश्वर, परतताना निजामपूर-विळेमार्गे ताम्हिणी घाट चढून पौड, आणि तेथून जुन्या महामार्गाने लोणावळा, खोपोली असा होता. सगळी फेरी 500 किलोमीटरच्या आसपास भरते, आणि चेनला तेल देण्यासाठी एरवी सांगितले जाणारे अंतरही साधारण तेवढेच असते. कोरड्या दिवसांत हा हिशेब चालतो, आषाढातल्या पावसात तो अजिबात चालत नाही. त्यामुळे या फेरीला निघणाऱ्यांनी रस्त्याआधी चेनचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

निघण्याच्या काही आठवडे आधी मी मोटारसायकलीचा चेनसेट, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती पुढची व मागची दातेरी चाके), बदलून घेतला. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन हाताने मागे ओढली की अर्ध्याहून अधिक दात उघडा पडत होता, आणि पुढच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून टोकदार झाले होते. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले जात नसते. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजून पोकळी वाढते आणि तिची बेरीज लांबीत दिसते. 520 आकाराच्या नव्या चेनचे 20 दुवे 317.5 मिलिमीटर भरतात. हे माप 323 च्या जवळ गेले की चेन संपली असे धरावे. अशी लांबलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवली तर ती नवे दातही थोड्याच दिवसांत खाते, म्हणून तिन्ही भाग एकत्रच बदलावेत. खरेदीच्या वेळी चेनवर कोरलेला आकडा वाचावा: 520 मधला 5 म्हणजे पाच-अष्टमांश इंच पिच (लगतच्या दोन पिनांमधले अंतर), 428 मधला 4 म्हणजे अर्धा इंच, त्यामुळे या दोन्ही चेन एकमेकींच्या स्प्रॉकेटवर बसतच नाहीत.

काम स्वतः करणार असाल किंवा गॅरेजमध्ये उभे राहून करून घेणार असाल, तर क्रम महत्त्वाचा आहे. पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन चढलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून सैल करावा. चेन काढल्यावर ते स्प्रॉकेट ज्यावर बसते तो गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत राहतो आणि पाना लागत नाही. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरच्या आत साचलेला चिखल-ग्रीसचा थर खरवडून काढला की शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपते का तेही दिसते. लॉक वॉशर नवा घालावा आणि नट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कनुसारच (आवळण्याच्या जोराच्या मापानुसार) आवळावा. मागचे चाक उतरलेले असताना हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) झटके झेलणारी रबरे आणि बेअरिंग न पाहता चाक परत बसवणे म्हणजे मोठी संधी दवडणे होय: रबरे दबलेली असतील तर प्रत्येक गिअरला बसणारा झटका थेट नव्या चेनवर जातो. चेनची दोन टोके जोडणारी कडी क्लिपची असल्यास क्लिपचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवावे.

हे सगळे निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. नवी चेन पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसते आणि थोडी ढिली पडते, म्हणून मी ती आधी घोडबंदर रस्त्यावरच्या रोजच्या ये-जा करण्यात चालवली, पुन्हा मोजून जुळवली आणि मगच प्रवासाला काढली. ढिलाई, म्हणजे चेनचा खालचा पट्टा मध्यावर वर-खाली जितका हलतो ते अंतर, बहुतेक मोटारसायकलींना 25 ते 35 मिलिमीटर असते, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना अधिक. आपल्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. चाक फिरवत चेन तीन-चार ठिकाणी तपासावी आणि जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथले माप धरावे. गरजेपेक्षा घट्ट चेन ढिल्या चेनइतकीच, किंबहुना अधिक घातक ठरते: सामान आणि मागचा स्वार यांच्या वजनाने सस्पेन्शन दबले की ती आणखी आवळते आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

पेण ते माणगाव संततधार होती. माझी चेन ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली), तर नेरुळहून सोबत आलेल्या सहकाऱ्यांची साधी. हरिहरेश्वरला पोचेपर्यंत त्यांची चेन धुऊन पार कोरडी झाली होती आणि करकरू लागली होती. ओ-रिंगच्या चेनमध्ये ग्रीस पिन आणि बुशच्या मध्ये कोंडलेले असते, साध्या चेनमध्ये ते टिकत नाही, हा फरक तिथे कानांनी ऐकू आला. तरी ओ-रिंगवाल्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण रबर मऊ राहण्यासाठी आणि रोलर गंजू नयेत यासाठी बाहेरून तेल लागतेच.

मुक्कामी पोचताच, चेन कोमट असताना, इंजिन बंद करून आम्ही चाक हाताने फिरवत चेन पुसली. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तिच्यात बोटे जातात, कृपया ती कधीही अनुसरू नका. रॉकेल आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरेसा असतो. पेट्रोल, तारेचा ब्रश आणि पाण्याचा जोरदार फवारा ओ-रिंगचे नुकसान करतात. कोरडे झाल्यावर खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने स्प्रे द्यावा म्हणजे फिरताना तेल बाहेरच्या दिशेने सांध्यांत शिरते, आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. स्प्रे नसेल तर 90 नंबरचे गिअर ऑइल चालते, फक्त जास्तीचे पुसून घ्यावे, अन्यथा ते मागच्या टायरवर उडते. पावसात हे रोज संध्याकाळी, निदान 200-300 किलोमीटरला एकदा करावे.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या चढावर दोन्ही गाड्या शांत चालल्या. पावसाळ्यात या घाटात दरडींमुळे किंवा गर्दीमुळे प्रशासन निर्बंध लावते, त्यामुळे माणगाव सोडण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. पौडच्या पुढे सहकाऱ्यांची चेन पुन्हा ढिली लागली, तेव्हा एक्सल सैल करून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवत ती जुळवली. मागे ड्रम ब्रेक असल्यास असे चाक सरकवल्यावर ब्रेकचा मोकळा खेळ आणि ब्रेकचा दिवा दोन्ही तपासावे लागतात. खंडाळ्याच्या उतारापूर्वी आम्ही ते तपासून घेतले.