१ लाख १८ हजारांची क्वाड आणि नाल्यातली बाभूळ

आमच्या गावचा पंक्चरवाला हुशार माणूस आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरापासून पोरांच्या सायकलीपर्यंत त्याला सगळं जमतं. मी माझ्या क्वाडचं, म्हणजे चार जाड टायरांच्या, मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या रानगाडीचं, पुढचं चाक खोलून त्याच्याकडे नेलं, त्याने बाभळीचा काटा उपसला, पट्टी भरली आणि हाताच्या सवयीने ३० पौंड हवा मारून दिली. चाक लावून बांधावर निघालो तर गाडी रबरी चेंडूसारखी उडायला लागली. उतरून बघतो तर टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ५ पौंड छापलेलं. नशीब, टायर फुटला नाही. परत गेलो, तर त्याच्या मीटरचा काटा १० पौंडांच्या खाली काही दाखवायलाच तयार नाही. "इतकी कमी हवा म्हणजे पंक्चरच ना भाऊ," तो म्हणाला. खोटं नव्हतं. शेवटी सायकलचा पंप आणि कमी दाबाचं वेगळं मीटर मागवलं. क्वाडवर केलेला तो आणखी एक जास्तीचा खर्च.

फोटो टाकले की फोन येतात. अमळनेर, शिरपूर, एकदा तर थेट नवापूरहून. सगळ्यांचा प्रश्न एकच: ती चायनाची स्वस्तातली एटीव्ही, म्हणजे हीच क्वाड, रानात फिरवायला घेऊ का? प्रत्येकाला फोनवर अर्धा तास देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. माझी १२५ सीसीची आहे, हवेवर थंड होणारं इंजिन, मागच्या चाकांना चेन. १ लाख १८ हजारांना घेतली, जळगावच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपर्यंतचं भाडं वेगळं. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढलेत तिच्यावर.

ती घरी आली आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. मुद्दाम नाही, ट्रकच उशिरा आला. बहीण माहेरी आलेली, लिंबाला झोका बांधलेला, आणि आमच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवं साल त्याच दिवशी ठरायचं होतं. अंगणात लोखंडी सांगाडा उघडला तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला. "हाई काय शे भाऊ, ट्रॅक्टर का खेयनं?" खेयनं म्हणजे खेळणं. मग हळूच, "कितलामा पडनी?" मी ८० हजार सांगितले. खरा आकडा त्याच्या वर्षभराच्या सालापेक्षा जास्त होता, आणि सालाची बोलणी अजून व्हायची होती.

सांगाड्यातून गाडी अर्धी सुटी निघते. पुढची चाकं, हँडल, बंपर, बॅटरी आपण लावायची. मी दोन तासांत लावली आणि चावी फिरवणार इतक्यात मामा म्हणाले, थांब. मामा भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पोतं अंथरलं, पाना घेतला आणि गाडीखाली शिरले. मी लावलेल्या बोल्टांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, कारखान्यातून कसून आलेले तपासले. चहा होईपर्यंत वाटीत २७ बोल्ट जमले होते, सगळे पाव आट्याहून जास्त फिरलेले. पुढच्या डाव्या हबच्या खाचेच्या नटात कॉटर पिनच नव्हती. त्या पिनेशिवाय नट सैल होत होत एक दिवस चाक आपल्या वाटेने जातं. मामांनी मला नुसतं रिकामं भोक दाखवलं. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जळगावहून ८.८ ग्रेडचे बोल्ट, पिना आणि आटे धरून ठेवणारं थ्रेड लॉकर आणलं. स्विंगआर्म, इंजिन माउंटिंग, पुढची चाकं वळवणारा टाय रॉड, फूटरेस्ट, सगळं उघडून पुन्हा बसवलं. एक्सलच्या बेअरिंगमध्ये ग्रीस नावापुरतं, बोटाला लागेल एवढंच होतं. तेव्हा ज्याला पाना धरता येत नाही आणि शिकायचाही कंटाळा आहे, त्याने इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

मामांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट मात्र पान्याने सुटत नाही. क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात, मध्ये दोन चाकांना कमी-जास्त फिरू देणारं डिफरन्शियल नाही. बैलगाडी आठवा. तिचा आख जागेवर असतो आणि प्रत्येक चाक त्यावर आपापलं फिरतं, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि गाडी लोण्यासारखी वळते. क्वाडमध्ये दोन्ही चाकांना सारखंच फिरावं लागतं, म्हणून वळणावर एकाला घसरावंच लागतं. मी म्हटलं, मग रेल्वेचीही चाकं दांड्याला घट्टच की. मामा खुश झाले. म्हणाले, रेल्वेच्या चाकाचा माथा सपाट नसतो, २० ला १ असा उतार दिलेला असतो. वळणावर गाडी बाहेर सरकली की बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर, आणि फरक भरून निघतो. "तुझ्या ह्या भोपळ्यांना कुठला उतार?"

नांगरलेल्या रानात, वाळूत, भुसभुशीत मातीत ते आतलं चाक आरामात घसरतं. कडक जमिनीवर घसरत नाही. मग हँडल वळवलं तरी गाडी नाकासमोर सरळ जाते, आणि जोर केला की आतली बाजू उचलते. त्यासाठी अंग आत झोकावं लागतं, बूड सीटवरून अर्धं हलवावं लागतं. मोटरसायकलवर २० वर्षं घालवलेल्या माणसाला हे नव्याने शिकावं लागतं, आणि अडचणीत पाय खाली टेकवायची सवय मोडावी लागते. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं चाक टाचेवर चढतं. माझं चढलंय. बूट होता म्हणून हसत सांगतोय.

मागे माणूस बसवण्याचा प्रश्नही इथेच निकालात निघतो. अंग हलवायला जागा हवी म्हणून सीट लांब असते. लोकांना वाटतं, दोघांसाठी आहे.

आता बाभूळ. आमच्या शिवाराच्या उत्तरेला नाला आहे, दीड पुरुष खोल, उतार पोयट्याचा. माझ्या गाडीत पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढेच खटके, क्लच मोपेडसारखा ऑटो. मी उतारावर आलो आणि मोटरसायकलच्या भरवशाने एक्सिलेटर सोडला, म्हटलं इंजिन गाडी धरून ठेवेल. इंजिनाचे फेरे कमी झाले, क्लचने हात सोडला आणि गाडी मोकळी सुटली. मागचा ब्रेक दाबला तर एकच दांडा असल्याने दोन्ही चाकं एकदम लॉक होऊन घसरायला लागली. पुढचे ड्रम ब्रेक केबलवरचे. त्यातला डावा उजव्यापेक्षा आधी धरतो हे मला माहीत होतं आणि मी ते नीट करायचं पुढे ढकललं होतं. गाडी डावीकडे ओढली गेली आणि आम्ही दोघं बाभळीत.

संध्याकाळी आईने सुईने ११ काटे काढले. काढता काढता म्हणाली, "च्यार चाके शेतस, पन दूधनी एक किटली मावत नही." टाय रॉड धनुष्यासारखा वाकला होता. वेल्डिंगवाल्याने ठोकून सरळ केला, पण चाकं एकमेकांकडे बघायला लागली. नवा रॉड दिल्लीहून यायला १९ दिवस. चेन मात्र ४२८ च्या मापाची असल्यामुळे कुठल्याही मोटरसायकलच्या दुकानात मिळते. प्लग, बॅटरी, ऑइल हेही तसंच. ज्या वस्तू मोटरसायकलमध्ये असतात त्या तासाभरात मिळतात. ज्या फक्त क्वाडमध्ये असतात, म्हणजे बॉल जॉइंट, ए-आर्म, हब, मागचा एक्सल, त्यांची वाट बघावी लागते, आणि दुर्दैवाने रानात तुटतात त्याच. घेण्याआधी विक्रेत्याला "सर्व्हिस मिळेल का" हे विचारूच नका, मिळेलच म्हणेल. त्या मॉडेलचा टाय रॉड आणि बॉल जॉइंट गाडीबरोबरच, आजच द्या म्हणा. त्याचा चेहरा बघा.

हवामानाचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो. हवेवर थंड होणारं इंजिन चढावर रांगत नेलं की २० मिनिटांत तापतं, क्लच सरकायला लागतो. शिवाय काळ्या जमिनीला तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि छोटं चाक त्यात बरोब्बर अडकतं. पावसाळ्यात तीच माती चाक, चेन, ब्रेक यांत अशी भरते की गाडीचं वजन वाढत चालल्यासारखं वाटतं. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ते चार महिने मात्र, खोटं कशाला बोलू, मजा येते. कापूस निघालेला, जमीन घट्ट पण कडक नाही, तुरीच्या कडेने तित्तर पळतात आणि समोर सातपुडा निळा. कोरड्या वाळूत तर हिला तोड नाही. जिथे मोटरसायकलचं चाक रुतून बसतं तिथे ही चार रुंद टायरांवर तरंगत जाते.

फक्त जायचं कुठे?

क्वाड घेताना हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. माझ्या गाडीच्या बिलावर "रस्त्यावर वापरण्यासाठी नाही" असं स्पष्ट छापलंय. कारखान्याचं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २२, मिळत नाही, म्हणून पासिंग नाही, म्हणून एमएच १९ ची पाटी नाही, म्हणून विमा नाही. लोक म्हणतात, आपण डांबरीवर कुठे नेणार, पाणंदीने जाऊ. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या वाचा. लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही वाट त्यात येते. पाणंदही येते. पाणंदीत समोरून बैलजोडी आली, बैल बुजले, कुणाचा हात मोडला, तर भरपाई माझ्या खिशातून.

राहिला सातपुडा. आम्हाला अंगणातून दिसतो, पण पायथा सुरू झाला की जंगल खात्याची हद्द, आणि पूर्वेला यावल अभयारण्य. उनपदेवच्या गरम झऱ्यापर्यंत रानातून जायचं माझं स्वप्न होतं. छोटा हाथी करून गाडी पायथ्याशी नेली, एका फेरीचे १२०० रुपये, दोर बांधायला अर्धा तास. वनरक्षक भला माणूस होता. गाडीभोवती एक फेरी मारली, फोटो काढला आणि म्हणाला, "आता जशी आणली तशीच घेऊन जा." गेलो. तेव्हापासून माझं ट्रेल रायडिंग म्हणजे माझे आणि भावाचे मिळून १४ एकर.

कागदाने जाणारा मार्ग आहे, पण तो स्वस्त नाही. पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० काही वर्षांपूर्वी आपल्याकडे ट्रॅक्टर म्हणून पासिंगसह आली, तेव्हा किंमत आठ लाखांच्या घरात होती. तेवढ्यात आमच्याकडे लहान ट्रॅक्टर येतो, आणि तो केळीच्या बागेत रोटाव्हेटरही ओढतो.

माझ्या सालदाराकडे एक्सएल मोपेड आहे. दोन किटल्या, मागे चाऱ्याची पेंढी, आणि ज्या नाल्यात मी बाभळीला मिठी मारली तो नाला तो रोज दोनदा ओलांडतो. उतारावर एक पाय जमिनीला घासत, बिडी न विझवता. ज्याला फक्त रानवाटा बघायच्या आहेत त्याने जुनी १०० सीसीची मोटरसायकल घ्यावी, मागे खाचांचा टायर टाकावा, आणि उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि बूट. रस्त्याने हक्काने जाईल, रस्त्याने परत येईल.

मग मी का ठेवलीय? ठिबकच्या नळ्यांची बंडलं, खताच्या गोण्या, केळीची तोडलेली पानं असलं ओढायला मागे छोटी ट्रॉली जोडली, आणि त्या कामात तिने पैसे फेडायला सुरुवात केली. सालदारही आता तिला खेयनं म्हणत नाही. रविवारी सकाळी मी तिचे बोल्ट तपासतो. तासभर जातो, तो तास मला आवडतो. हे कारण दुसऱ्याला पटेलच असं नाही.

घेणारच असाल तर पोरांबद्दल एक सांगतो. अंगठ्याने दाबायच्या एक्सिलेटरपाशी छोटा स्क्रू असतो, तो आत पिळला की गाडी जोरात पळत नाही. मागच्या बाजूला लाल दोरी असते, ती ओढली की इंजिन बंद. पण गाडी उलटताना ह्या दोन्हींचा उपयोग नाही, आणि १०० किलोंच्या वर लोखंड अंगावर असताना पोराला ते हलत नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी क्वाड सर्रास वापरतात. तिथे ऑक्टोबर २०२१ पासून शेतावरच्या नव्या क्वाडला मागे संरक्षक कमान सक्तीची केली, कारण उलटलेल्या गाडीखाली सापडून माणसं मरत होती. आपल्याकडे मात्र जाहिरातीत बाप, आई आणि पुढे टाकीवर पोरगं.

गेल्या आठवड्यात एक हुरडा पार्टीवाला गाडी बघायला आला. ५५ हजार म्हणाला, भाव वाईट नव्हता. मी त्याला सगळं दाखवलं: पिना, डावा ब्रेक, लाल दोरी, हवेचं मीटर. तो मान हलवत राहिला. मग सीटवर हात ठेवून विचारलं, "एका फेरीत पोरं किती बसतील?"

मी म्हटलं, विकायची नाही.