आईच्या कालनिर्णयवरचे पंधराशे

मामी गेली आणि मामा दोन्ही पोरांना घेऊन उमरेडहून नागपूरला आमच्याकडे आला. बाबांना मिळालेलं केंद्र सरकारी क्वार्टर, दोन खोल्या आणि मागे व्हरांडा. तिथे ताडपत्री बांधून त्याची खाट टाकली. तो कळमन्याच्या बाजारात मापारी, म्हणजे माल मोजणारा, होता. एक तारखेला आईच्या हातावर १५०० रुपये ठेवायचा. आई नको म्हणायची, तर म्हणे, "माझे पोट्टे जेवतात ना बाई इथं."

क्वार्टरमध्ये कोण राहतं याचा फॉर्म बाबांकडे यायचा. त्यात बाबांनी तीन वर्षं आम्हा चौघांचीच नावं लिहिली. आपल्याच माणसाचं काय लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. चूक आमची होतीच.

२०१७ च्या मे महिन्यात, भर दुपारी, तपासणीला दोघं आले. आई दुधाचा हिशोब कालनिर्णयवर लिहिते: रोजच्या चौकोनात "१ लि.", खाडा असला की फुली. आणि एक तारखेला, बारीक अक्षरात, "दादा १५००". एकाने पानं मागे उलटत पार जानेवारीपर्यंत मोबाइलवर फोटो काढले. तोवर आई त्यांच्यासाठी पन्हं करत होती.

त्या फोटोंवरून आम्ही पोटभाडेकरू ठेवल्याचं ठरलं. तीन माणसांचं दोन वेळचं जेवण, पोरांच्या वह्या, आजारपणं, आणि १५०० रुपये म्हणे भाडं! माझा राग आजही तिथेच अडून बसलाय.

१९७१ च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याखाली नोटीस आली. कारण दाखवायला सात दिवस. आपण नसलो की प्रकरण मिटेल असं वाटून मामा त्याच रात्री पोरांसकट निघून गेला. बाबांनी उत्तरात एवढंच लिहिलं, "आता कोणी राहत नाही." म्हणजे आधी राहत होतं हे कबूल झालं, आणि पैसे कशाचे ते राहूनच गेलं. जागा सोडण्याचा आदेश निघाला. त्यावर बारा दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं, हे सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात वकिलांनी सांगितलं तेव्हा चौदावा दिवस होता. उशीर माफ करा म्हणून अर्ज करता आला असता, पण बाबांची उमेद संपली होती. तुमच्याकडे असा कागद आला तर पैसे कशासाठी घेतले ते उत्तरात स्पष्ट लिहा, आणि जागा सोडण्याचा आदेश दारावर लागल्यापासून दिवस मोजा.

आम्ही मानेवाड्याला भाड्याने राहायला गेलो. मामा अजून येतो, पिशवीभर संत्री आणतो. आई जेवायला वाढते, पोरांची चौकशी करते. पण अंधार पडायला लागला की तो उठतो, उमरेडची एसटी गाठायची म्हणतो. कितीही आग्रह केला तरी मुक्कामाला थांबत नाही.