गोचीड: अंडी आली, पण छेद सापडेना

तबेल्यातून आणलेल्या अर्धपोटी माद्यांपैकी थोराड होत्या त्यांनी अखेर अंडी घातली! पुंजका लहान, पण चकचकीत आणि नीट चिकटलेला. म्हणजे जेनेचा अवयव (गोचिडीच्या मादीचा, अंड्यांना मेणाचा थर देणारा) मेण लावतोय. बारक्या माद्या मात्र नळीत नुसत्या फिरतायत, कापूस चाचपत. गाय तीच, सकाळ तीच, वागणं दोन टोकांचं. दोन्हीकडची एकेक उघडून पाहिली. बारकीच्या लाळग्रंथी द्राक्षाच्या घडासारख्या टपोऱ्या, थोराडीच्या पार विटलेल्या. त्या संध्याकाळी मी जेवायला उशिरा गेलो, घरच्यांना कारण सांगितलं नाही.

आता भागाकार अडलाय: मादी उपाशी वजनाच्या कितीपट झाली हे काढायचंय, आणि छेदात मांडायचं उपाशी वजनच मिळत नाही.

क्रिटिकल वेटचा, म्हणजे वागणं पालटणाऱ्या वजनाचा, हिशेब अँब्लिओमा हेब्रियम या दुसऱ्या जातीच्या गोचिडीवरचा: उपाशी वजनाच्या साधारण दहापट. त्याखाली मादी काढली तर ती पुन्हा चिकटायला तयार. त्यावर गेली की भूक संपते, एकडिस्टेरॉइड (कात टाकण्याशी संबंधित हॉर्मोन) चढतं, समागम झालेली असेल तर लाळग्रंथी चारेक दिवसांत झिजतात, अंड्यांसाठी व्हिटेलोजेनिन (बलकाचं प्रथिन) बनू लागतं. (कीटकांकडून इकडे आलेल्यांनी ज्युव्हेनाइल हॉर्मोनच्या मागे लागू नये; तिथे बलकाचा कारभार बहुधा त्याच्याकडे, इथला २०-हायड्रॉक्सीएकडायसोन या एकडिस्टेरॉइडकडे.) समागमानंतर मादी शंभरपटीपर्यंत फुगते, कुमारी बहुतेक दहापटीच्या आसपासच रेंगाळते.

पण माझी गायीवरची गोचीड मायक्रोप्लस, एकाच यजमानावर वाढणारी. अळी गायीवर चढली की दोन्ही काती तिथेच टाकते आणि मादी टम्म होऊनच खाली पडते. उपाशी प्रौढ मादी जमिनीवर येतच नाही. मग दहापट कशाची? गायीवरून अगदी छोटी मादी उचलली तरी ती आत्ताच चिकटली की रात्रभर पितेय, कोण सांगणार? वर सगळा मामला मोजक्या मिलिग्रॅमचा. वडोदऱ्याच्या मांडवीत घेतलेला सोनाराचा काटा पंखा बंद असेल तर इमानी. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त काट्यांचा शेवटचा आकडा निव्वळ शोभेचा.

गोचिडी कोंडून ठेवायला गायीच्या पाठीवर कापडी पिशवी चिकटवू का, असं तबेल्याच्या काकांना विचारलं. त्यांनी गायीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. तो विषय तिथेच संपला.

हायलोमा या दुसऱ्या गोचिडीवर जावं तर त्याची प्रौढ मादी जमिनीवर उपाशी मिळते, हे खरं. पण क्रायमीन-काँगो तापाचा विषाणू तोच वाहतो, आणि २०११ मध्ये गुजरातेत माणसं दगावलीत. रावपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात तो नको. कुत्र्यांची गोचीड सँग्विनियस भिंतीच्या फटींत उपाशी सापडते, तीन यजमानांची, म्हणजे दर कातीला खाली उतरणारी, असल्यामुळे. तिच्यावर जायचं जवळजवळ ठरलं होतं.

हे लिहितानाच सुचलं: मायक्रोप्लसच्या भरलेल्या निम्फच (अळी आणि प्रौढ यांच्यामधली अवस्था) का उचलू नयेत? कातीला आलेल्या निम्फ हलक्या हाताने सोडवून नळीत ठेवल्या तर कात नळीतच टाकतील आणि थेंबभर रक्त न प्यायलेली मादी थेट काट्यावर. बरेचसे नर निघतील, ते बाजूला. आर्द्रतेसाठी डब्यात संपृक्त पोटॅशियम क्लोराइड आहेच, साधारण ८४ टक्के धरतं. प्रयोगशाळेचं महागडं मीठ परवडेना, म्हणून सध्या खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश वापरतोय. लालसर दिसतं, काम चोख करतं.

सँग्विनियस तूर्त बाजूला. रविवारी निम्फ.