वॉल्टहिलचा दवाखाना

नेब्रास्कातल्या ओमाहा शहरातून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात शहर संपतं आणि मका सुरू होतो. मका, सोयाबीन, पुन्हा मका. डिकेटरला मिझुरी नदी अगदी जवळ येते. तिथून पुढे जमीन वरखाली होऊ लागते, झाडी दाट होते. हा ओमाहा या मूलनिवासी अमेरिकन जमातीचा राखीव प्रदेश. शहराला नाव यांचंच, आणि शहरातल्या बऱ्याच जणांना हे लोक कुठे राहतात ते सांगता येणार नाही.

मी निघाले होते डॉ. सुझन ला फ्लेश पिकॉट यांचं गाव बघायला. मूलनिवासी अमेरिकनांमधली पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेली पहिली स्त्री डॉक्टर. जन्म १८६५, म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशींचाच. कॉलेजही तेच, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. १८८६ च्या ऑक्टोबरात आनंदीबाई पदवी घेऊन मायदेशी निघाल्या आणि त्याच महिन्यात सुझन तिथे दाखल झाली. चुकामूकच म्हणायची. एकीचं लग्न नवव्या वर्षी लावलेलं, तर दुसरीला शिकायला पैसे देणाऱ्या बायकांच्या संस्थेची अट, की पदवीनंतर काही वर्षं लग्न करायचं नाही! मुलीचं शिक्षण म्हटलं की तिच्या लग्नाचा हिशेब इतरांनी मांडायचाच, मग देश कुठलाही असो.

आनंदीबाईंना परतल्यावर जेमतेम तीन-साडेतीन महिने मिळाले. सुझनला पंचवीसेक वर्षं मिळाली. म्हणून मला पदवीदानाच्या फोटोपेक्षा इथले रस्ते बघायचे होते.

राखीव प्रदेशातल्या मेसी गावाहून पश्चिमेला वॉल्टहिलकडे जाणारा रस्ता आज डांबरी आहे. १८८९ मध्ये वर्गात पहिली येऊन ती परतली तेव्हा बहुतेक ठिकाणी पायवाटाच होत्या. सरकारी नेमणूक शाळेतल्या मुलांपुरती होती, पगार वर्षाला ५०० डॉलर. पण ओमाहा भाषा बोलणारी डॉक्टर आली म्हटल्यावर मोठी माणसं घरी थांबतात होय? बघता बघता १२०० हून अधिक माणसं तिच्या गळ्यात पडली. घोड्यावरून, नंतर बग्गीतून, हिवाळ्यात शून्याखालच्या थंडीत फिरायचं. क्षय, इन्फ्लुएंझा, डोळे येणं, बाळंतपणं. त्यातच कुणाचं पत्र वाचून दाखव, कुणाच्या जमिनीचा कागद समजावून दे. स्वतःचे कान आणि हाडं सतत ठणकत असताना.

१८९४ मध्ये तिने हेन्री पिकॉटशी लग्न केलं आणि बॅनक्रॉफ्टला स्वतःचा दवाखाना थाटला. गोरे रुग्णही येत. रात्री-अपरात्री वाट सापडावी म्हणून खिडकीत कंदील असे. १९०५ मध्ये नवरा गेला. त्यानंतर जो प्रकार झाला त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. वारशाने आलेली जमीन आणि मुलांचा पैसा हाताळायला ही बाई लायक आहे का, हे मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी ‘इंडियन’ खात्याचे कारकून ठरवणार! १९१० मध्ये ती जमातीचं शिष्टमंडळ घेऊन थेट वॉशिंग्टनला जाऊन भांडली.

वॉल्टहिल छोटं गाव. तिचा इथला दवाखाना चढावर आहे. लाकडी, बैठा, रुंद व्हरांड्याचा, लांबून एखादा बंगलाच वाटेल. सरकारचा पैसा न घेता, देणग्यांवर उभा राहून तो १९१३ मध्ये सुरू झाला. व्हरांडा शोभेचा नाही. क्षयाच्या रोग्याला मोकळी हवा मिळावी यावर तिचा भर होता. सगळ्यांनी एकाच पेल्याने पाणी पिऊ नये, दारांना माशा अडवणाऱ्या जाळ्या लावाव्यात, हे ती गावोगाव सांगत फिरली. दारूविरुद्धही लढली आणि त्यापायी स्वकीयांचाही रोष ओढवून घेतला. १९१५ मध्ये ती गेली, तेव्हा पन्नाशीची होती.

इमारत आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. जाणार असाल तर आत कधी जाता येतं ते आधी विचारून घ्या, आणि बॅनक्रॉफ्टसाठी वेळ ठेवा. तिची कबर तिथे आहे.