दहा पॉइंट पाच

"तुम्ही नेमप्लेट बनवता ना, मग आमच्या नव्या फ्लॅटसाठी एक करून द्या की!" दसरा जवळ आला की नात्यातल्या कुणाचा तरी असा फोन येतोच. दारावरची पाटी आम्ही करत नाही. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात यंत्रांच्या पाट्या होतात. मोटर, पंप, कंप्रेसर, व्हॉल्व्ह, कंट्रोल पॅनेल, ज्याला म्हणाल त्याला. काम बाबांनी सुरू केलं. मी बी.कॉम. झाल्यावर हिशेब लिहायला म्हणून आले आणि प्रूफ तपासता तपासता इथलीच झाले. त्याला आता बावीस वर्षं झाली.

एवढ्या वर्षांत सवय अशी लागलीय की पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये '६ व्यक्ती, ४०८ किलो' असं लिहिलंय. भागून बघा, माणशी ६८ किलो. या लिफ्टसाठी माणसाचं वजन तेवढं धरलंय. घरच्या गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्ट्यांवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी-२७' असेल तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी २०२७ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायला हवी. मुदत उलटून गेलेला सिलिंडर दारात आला तर घेऊ नका, परत पाठवा. एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असावं, असं मला फार वाटतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त जाते ती एचिंगची, म्हणजे आम्लानं कोरलेली पाटी. स्टीलचा पत्रा आधी घासून, धुऊन तेलाचा अंशही राहणार नाही असा करायचा. मग जाळीवरून स्क्वीजी, म्हणजे रबरी पट्टी, ओढून त्यावर आम्लाला दाद न देणारी शाई छापायची. मागच्या बाजूला टेप, नाहीतर आम्ल पाठही खातं. मग पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये. जिथे शाई नाही तिथला धातू विरघळतो आणि शाईखालची अक्षरं उंच उभी राहतात. खोलगट भागात काळा रंग भरायचा, ओव्हनमध्ये भाजायचा, अक्षरांवरची शाई काढायची. शेवटी शिअरवर कापून, कोपरे गोल करून भोकं पाडायची. फेरिकचा पिवळा-तपकिरी डाग बोटांवरून आठवडाभर जात नाही आणि सुती कपड्यावरून कधीच नाही. बाबांचे शर्ट मी त्यावरूनच ओळखायचे. वापरून झालेलं फेरिक तसंच गटारात सोडायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला. चुना घालून ते शांत करायचं, खाली बसलेला गाळ वेगळा काढायचा. त्यात वेळ जातो, पैसे जातात. जाऊ देत.

पण एचिंगचा एक स्वभाव आहे. आम्ल सरळ खाली खात जात नाही, शाईच्या कडेखालून आडवंही खातं. धातू जितका खोल जाईल तितकं अक्षर दोन्ही बाजूंनी बारीक होतं. जाड अक्षराला त्याचं काही वाटत नाही. बारीक रेघ मात्र कातरल्यासारखी होते, आणि टिंबाला तर ते चहूबाजूंनी खातं.

२०११ च्या पावसाळ्यात हवेच्या टाक्यांसाठी चाळीस पाट्यांची ऑर्डर होती. कंप्रेसरची हवा साठवतात त्या टाक्या. पार्टीला घाई होती आणि हवा इतकी दमट की शाई सुकता सुकत नव्हती. प्रूफ मी स्वतः बघितलं होतं, कागदावर सगळं बरोबर होतं. पाट्या गेल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या फिटरचा फोन आला. अगदी शांत आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्या पाटीवर टेस्ट प्रेशर पंधरा पॉइंट पंच्याहत्तर आहे आणि वर्किंग प्रेशर एकशे पाच. हे कसं काय?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. १०.५ मधलं टिंब आम्लानं खाल्लं होतं. चाळीसपैकी अकरा पाट्यांवर ते नव्हतंच. खालच्या ओळीतल्या १५.७५ चं टिंब कसंबसं वाचलं होतं, आणि तेवढ्यावरच त्या माणसाच्या लक्षात आलं. चाचणी नेहमी कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबाला घेतात, इथे दीडपट होती. १०.५ ची दीडपट १५.७५. चाचणी १५ ची आणि काम १०५ चं, हे होऊच शकत नाही. त्यानं दोन ओळी एकत्र वाचल्या म्हणून बरं. एखाद्यानं वरचीच ओळ वाचून १०५ ला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात आला की आजही घशाला कोरड पडते.

आम्ही चाळीसच्या चाळीस परत मागवल्या, सगळ्या नव्यानं करून दिल्या. पैसे मागितले नाहीत. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. संध्याकाळी ते आमच्या मामांसोबत टेबलाशी बसले आणि पट्टी घेऊन टिंबाची जाडी मोजायला लागले. मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर, मालवणकडचे. त्या दिवसापासून आमच्या आर्टवर्कमध्ये टिंब गोल नसतं, चौकोनी असतं, आणि फॉन्टमध्ये येतं त्याच्या दुप्पट. दिसायला थोडं बोजड दिसतं. डिझायनर पोरं कुरकुरतात. मी बदलत नाही. शिवाय दाब, व्होल्ट, अँपिअर असले आकडे आता आम्ही उंच ठेवत नाही, खोल कोरतो. खोल टिंबाला आम्लानं आडवं खाल्लं तर ते मोठंच होतं, नाहीसं होत नाही. एवढी साधी गोष्ट सुचायला आम्हाला त्या अकरा पाट्या लागल्या.

आता फायबर लेझर घेतलंय. ते कडेखालून खात नाही, टिंब जिथल्या तिथे राहतं. सिरीयल नंबर पूर्वी मामा पंच आणि हातोडीनं एकेक आकडा ठोकायचे, ६ आणि ९ चे पंच वेगळ्या डब्यांत ठेवायचे. आता मशीन एकापाठोपाठ नंबर टाकत जातं. तरीही माल जायच्या आधी प्रत्येक पाटी भिंगाखाली जातेच. टिंब लेझर खात नाही, पण टाइप करणारा विसरू शकतो.

सगळीकडे स्टील लागतं असंही नाही. घरातल्या यंत्राला पॉलिस्टरचं चांगलं स्टिकर पुष्कळ झालं. फक्त ते लावायची पद्धत असते. जागा आधी स्पिरिटनं पुसायची, लावल्यावर कडेपर्यंत दाबून घ्यायचं. गोंद पूर्ण धरायला साधारण ७२ तास लागतात, तेवढ्यात त्यावर पाणी मारायचं नाही. बटणांवरची छपाई झिजू नये म्हणून पॉलिकार्बोनेटच्या मागच्या बाजूला उलटी छापतात, म्हणजे बोट प्लास्टिकवर घासतं, शाईवर नाही. समुद्राकाठी मात्र पाटी ३१६ ग्रेडच्या स्टीलचीच घ्या. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत टिकतं. ३०४ वर ससून डॉकसारख्या ठिकाणी तपकिरी ठिपके धरतात. पार्टी दोन पैशांसाठी घासाघीस करते तेव्हा मी हे हात जोडून सांगते.

आणि रंगाऱ्यांबद्दल. दर चार-पाच वर्षांनी सोसायटीचं रंगकाम निघतं आणि पंपरूममधल्या मोटरला पाटीसकट हिरवा रंग बसतो. आमच्याच बिल्डिंगची गोष्ट. दोन वर्षांत पंपाचं वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली गुंडाळलेली तार, दोनदा जळलं, दोन्ही वेळा मोटर भरून आणली, वर्गणी काढली. दुसऱ्यांदा मी सेक्रेटरीकडून किल्ली घेतली आणि थिनर, चिंधी घेऊन खाली गेले. आधी पाटीच्या कोपऱ्यात थोडं लावून बघितलं, कारण नुसती छापलेली पाटी थिनरनं रंगाबरोबर स्वतःही पुसली जाते. ही कोरलेली होती. चार थर निघाले. खालून आलं: ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ७.२ अँपिअर, २८८० आरपीएम.

स्टार्टरमधला ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, अकरा अँपिअरवर लावलेला होता. मोटरला सात पॉइंट दोन झेपतात आणि संरक्षण जागं होणार अकराच्या पुढे, म्हणजे ते नसल्यासारखंच. पाटी दिसत नव्हती, त्यामुळे कुणीतरी अंदाजानं फिरवून ठेवलं होतं. नवा इलेक्ट्रिशियन आला, त्यानं पाटी वाचली, स्क्रू-ड्रायव्हरनं खुंटी फिरवून सात पॉइंट दोनवर आणली. मोटर भरणाऱ्याला वाइंडिंगसोबत एकदा बेअरिंगही तपासायला सांगितलं. अर्ध्या तासाचं काम.

मी पाटीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की पुढच्या रंगकामाच्या आधी मला सांगा, मी येऊन मास्किंग टेप लावून जाईन. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "अगं, ते सातच्या पुढे काय आहे, डाग आहे का?" मी लिहिलं, "नाही आजी, ते टिंब आहे."