झोक्यावरचा तास

लंबक शिकवताना मी दरवर्षी दोरा आणि धातूचा गोळा काढतो. त्या दिवशी प्रयोगशाळेची किल्लीच सापडेना, म्हणून अख्खा वर्ग घेऊन सरळ मैदानातल्या झोक्याकडे गेलो. फार काही हाती लागेल असं वाटत नव्हतं. तास निघाला म्हणजे झालं!

आधी सगळ्यात दांडगा मुलगा बसला. हलकासा झोका द्यायचा, मग कुणी हात लावायचा नाही. गेला-आला मिळून एक, असे दहा हेलकावे. 30 सेकंद. मग सगळ्यात काटकुळा. पुन्हा 30. "सर, घड्याळ बिघडलंय," मागून आवाज आला. जड ते लवकर खाली येणार, ही समजूत गॅलिलिओनंतरही जात नाही. पृथ्वी जडाला जास्त ओढते हे खरं, पण त्याला हलवायलाही तेवढंच जास्त बळ लागतं. फिटंफाट.

इथवर मी खुशीत होतो. मग टेप लावली. वरच्या दांड्यापासून फळीपर्यंत 2.4 मीटर. लांबी आणि वेळ लंबकाच्या सूत्रात घातली, तर गुरुत्व त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते, आलं 10.5. यायला हवं 9.8. "सर, आपल्या मैदानात गुरुत्वाकर्षण जास्त आहे का?" पोरं खिदळली. मी वाऱ्यावर, गंजलेल्या कड्यांवर, मोजणाऱ्यावर खापर फोडत सुटलो.

तेवढ्यात वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी झोक्यावर चढली ती उभीच राहिली. मी ओरडणार, पण पोरांनी मोजायला सुरुवातही केली होती. दहा हेलकावे, 26 सेकंद. साखळी तीच! ती उतरली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "सर, लांबी फळीपर्यंत नाही, इथपर्यंत धरायची ना?"

मी गप्प. लंबकाची लांबी गुरुत्वमध्यापर्यंत, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं त्या बिंदूपर्यंत धरायची, हे फळ्यावर मीच किती वेळा लिहिलंय. बसलेल्या पोराचा गुरुत्वमध्य फळीच्या साधारण वीतभर वर असतो. उभं राहिलं की तो आणखी वर सरकतो, लंबक आखूड होतो आणि हेलकावा लवकर आटपतो. 2.4 मधून 20 सेंटीमीटर वजा केले, पुन्हा सूत्रात घातलं. 9.7.

घंटा झाली तरी कुणी हलेना. उकिडवं बसलं तर किती, यावर पैजा लागल्या होत्या. मी 27 म्हणालो.

28 आले.